गुंजवण्याचा तांदूळ आणि सीमेवरचा कागद

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

समजा, राजगडाच्या पायथ्याला गुंजवण्यात एका शेतकऱ्याकडे इंद्रायणी तांदळाची चाळीस पोती आहेत. हुबळीला ओळखीतलं गिऱ्हाईक मिळालंय, पुण्यापेक्षा भाव बरा देतंय. माल एकदाच पाठवायचाय. दर आठवड्याला नाही, दर वर्षीही नाही. गाडी चुलतभावाची, जुनी ४०७. साखर, मार्गासनी, नसरापूर करत हायवेला लागायचं, मग आनेवाडी, तासवडे, किणी, कोगनोळी. रस्ता सरळ आहे. प्रश्न एवढाच, की कुठला परवाना लागतो?

हा प्रश्न चार जणांत टाकून बघा. एक म्हणतो, जीएसटी आल्यापासून सगळं मोकळं झालंय, बिनधास्त जा. दुसरा म्हणतो, नॅशनल परमिट पाहिजे, नाहीतर गाडी अडकली समज. तिसरा म्हणतो, नाक्यावर बघून घेऊ. तिघंही वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत आणि ते त्यांना माहीत नाही. आपल्याकडे सीमा ओलांडताना कायम दोन कागद लागत आलेत, एक मालाचा आणि एक गाडीचा. दोघांचा इतिहास वेगळा, हेतू वेगळे, खातीही वेगळी. मालाचा कागद दोनशे वर्षांत हळूहळू सुटत गेला. गाडीचा तसाच राहिला. त्यातही नेहमी जाणाऱ्याची सोय प्रत्येक राजवटीने केली, एकदाच जाणाऱ्याची मात्र फारशी कुणी केली नाही.

सुरुवात मालापासून करू, कारण तो जुना.

शिवकाळात आणि पुढे पेशवाईत माल हलला की जकात आलीच. मोलस्वर्थचा कोश उघडलात तर दोन सुंदर शब्द सापडतील, थळभरीत आणि थळमोड. माल जिथे भरला तिथली जकात ती थळभरीत, जिथे विकला तिथली थळमोड. वाटेतली रहदारी आणखी वेगळी. सोबत दस्तक हवं. दस्तक म्हणजे हा माल अमक्याचा, तमक्या ठिकाणी जातोय, जकात घेतली किंवा माफ आहे, असा सरकारी कागद. पेशवे दफ्तरात अशी माफीची दस्तकं आहेत. ती कुणाला मिळायची? ज्याचा दरबारात शब्द चालतो त्याला. मावळातल्या कुणब्याला कशाला कोण दस्तक देतंय?

सीमेवरची जकात नुसती तिजोरी भरायला नव्हती, हेही लक्षात घ्या. १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या नरहरी आनंदराव या अधिकाऱ्याला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पोर्तुगीजांच्या बारदेशातलं मीठ स्वस्त पडत होतं, त्यामुळे संगमेश्वरकडच्या मिठाचा धंदा बसायची वेळ आली होती. महाराजांनी बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितली, म्हणजे बाहेरचं मीठ आपल्या मिठापेक्षा स्वस्त राहणार नाही. आज आपण याला आयात शुल्क म्हणू. तर सीमेवर मालाला अडवण्यामागे कधी कधी शहाणपण असतं, हे मी नाकारत नाही. सगळे नाके म्हणजे लूट असं सरसकट म्हणणारे लोक इतिहास अर्धाच वाचतात.

पण माझ्या मते या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाचा माणूस कोण असेल तर हुंडेकरी. वाटेत इतके नाके, इतक्या जकाती, प्रत्येक ठिकाणी हुज्जत. म्हणून व्यापारी काय करायचा? माल हुंडेकऱ्याच्या स्वाधीन करायचा. हुंडेकरी भाडं आणि वाटेतल्या सगळ्या जकाती मिळून एक ठोक रक्कम ठरवायचा, तिला हुंडा म्हणत. पुढे नाके त्याने बघायचे. नाकेदार त्याच्या ओळखीचे, दर त्याला पाठ. आजही हुंडेकरी आडनावाची माणसं आपल्यात आहेत आणि जुन्या पेठांत ट्रान्सपोर्टवाल्याला हा शब्द वापरलेला ऐकू येतो. आता बघा, हुंडेकरी परवडतो कुणाला? ज्याचा माल सतत हलतो त्याला. बैलावर चार गोणी लादून मढे घाटाने खाली उतरणाऱ्याला प्रत्येक नाका स्वतःच पार करायला लागायचा. नेहमीच्याला हुंडा, एकदाच्याला नाका. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

कंपनी सरकारने मुंबई इलाख्यातल्या अंतर्गत रहदारी जकाती १८३८ मध्ये काढून टाकल्या. बंगालमध्ये त्या दोन वर्षं आधी गेल्या होत्या. शेतकऱ्याच्या कळवळ्याने नव्हे, विलायती कापड आत आणि कापूस बाहेर विनाअडथळा जावा म्हणून. पण परिणाम व्हायचा तो झाला, इंग्रजी मुलखात माल मोकळा हलायला लागला.

गुंजवणे मात्र इंग्रजी मुलखात नव्हतं. हा भाग भोर संस्थानात, पंतसचिवांकडे. भोरचे पाच तालुके होते: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि घाटाखाली सुधागड. प्रचंडगड म्हणजे तोरणा. (आत्ता वेल्हे तालुक्याचं नाव राजगड झालं तेव्हा अनेकांना ते नवीन वाटलं, पण संस्थानी कागदात राजगड तालुका होताच.) म्हणजे आपल्या शेतकऱ्याचा पणजोबा पुण्याला निघाला, तर पुण्याला पोचायच्या आतच एक राज्य संपून दुसरं लागायचं. आंतरराज्य प्रवास त्याला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकल्यासारखा होता.

संस्थानी सीमा म्हणजे काय चीज होती हे मराठवाड्यातल्या लोकांना जास्त चांगलं माहीत आहे. निजामाच्या राज्यात जकात खात्याचं नाव करोडगिरी. सोलापूरच्या बाजाराला माल न्यायचा तर करोडगिरी नाका ओलांडायचा, आणि तिकडून काही आणायचं तरी तोच नाका. त्या नाक्यांवर लोकांचा इतका राग होता, की १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात सरहद्दीवरच्या कॅम्पांतल्या तरुणांनी हल्ल्यांसाठी जी ठिकाणं निवडली त्यांत करोडगिरी नाके होते.

८ मार्च १९४८ ला भोर मुंबई राज्यात विलीन झालं. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर आलं. आणि बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार हे जिल्हे तर आधीपासून मुंबईतच होते. आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. १ मार्च १९४९ पासून १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत, साडेसात वर्षं, गुंजवणे आणि हुबळी एकाच राज्यात होते. मध्ये एकही राज्यसीमा नव्हती! त्याआधी संस्थानांची भेंडोळी, त्यानंतर म्हैसूर राज्य. राज्यपुनर्रचना झाली आणि जी सीमा गुंजवण्याच्या उंबऱ्यावर होती ती जाऊन कागलच्या पलीकडे उभी राहिली. सीमावादावर आपण खूप बोलतो, भाषेवर बोलतो, ते बोललंच पाहिजे. पण त्या दिवशी किती ट्रकवाल्यांचे परवाने एका रात्रीत अर्धे झाले, हे कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

ट्रककडे येतोच. आधी मालाचं संपवू.

१९५० च्या राज्यघटनेत कलम ३०१ आलं. भारतभर व्यापार आणि ये-जा मुक्त. पण धान्य त्याआधीच युद्धाने बांधून टाकलं होतं. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं आणि धान्य इकडून तिकडे न्यायला परवाने आले. १९४६ चा कायदा आला त्याचं नावच तात्पुरत्या अधिकारांचा कायदा. तात्पुरता संपून १९५५ ला जीवनावश्यक वस्तू कायदा आला, तो अजून आहे. मधे रफी अहमद किडवईंनी नियंत्रणं उठवली तेव्हा काही काळ मोकळा श्वास मिळाला. मग पुन्हा झोन आले. साठच्या दशकात तर तांदळाला राज्याची सीमा म्हणजे भिंत झाली. वसंतराव नाईकांच्या काळात महाराष्ट्राने भात आणि ज्वारीची एकाधिकार खरेदी सुरू केली. मावळातला तांदूळ पाव्हण्याकडे परराज्यात न्यायचा म्हटलं तरी गुन्हा व्हायचा. १९७७ मध्ये जनता सरकारने झोन उठवले.

त्या धोरणाला शिव्या घालणं आज सोपं आहे. ६५-६६ चा दुष्काळ, अमेरिकेच्या गव्हाची वाट बघणारी बंदरं, शहरात धान्य पोचवायची धडपड, हे सगळं खरं होतं. पण त्याची किंमत कुणी मोजली? जिथे जास्त पिकतं तिथे भाव पडायचा, जिथे कमी तिथे चढायचा, आणि मधल्या सीमेवर धान्य रात्रीचं जायचं.

कापसाचं तर आणखी वाईट. १९७१ चा कच्चा कापूस कायदा, ७२-७३ पासून एकाधिकार योजना. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने आपला कापूस फक्त सरकारी केंद्रावर घालायचा, परवानगीशिवाय राज्याबाहेर न्यायचा नाही. बाहेर भाव कमी असला की योजना बरी वाटायची. बाहेर भाव चढला, की मध्य प्रदेश आणि आंध्रच्या सीमेवर आपल्याच कापसाची आपलेच लोक तस्करी करायचे आणि आपलेच पोलीस धरायचे. स्वतःच्या शेतातला माल स्वतः नेणारा माणूस तस्कर ठरतो, ही गोष्ट शरद जोशींनी शेतकऱ्यांच्या मनात पक्की बसवली. त्यांच्या बाकीच्या अर्थशास्त्राशी तुमचं पटो न पटो.

अखेर फेब्रुवारी २००२ मध्ये केंद्राने आदेश काढला. गहू, तांदूळ, भरड धान्य, साखर, तेलबिया यांच्या वाहतुकीवरचे निर्बंध गेले. गुंजवण्याचा तांदूळ कायद्याने खऱ्या अर्थाने सुटला तो तेव्हा. नगरपालिकांची जकात १९९९ ला गेली होती, भोर नगरपालिकाही त्यात आली. पुण्याची जकात २०१३ पर्यंत चालली, तिच्या जागी एलबीटी आला, तोही बहुतेकांसाठी २०१५ ला गेला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकातही संपली, राज्याराज्यांतले विक्रीकराचे नाकेही. ई-वे बिल आलं, पण सुटा, बिनलेबलचा तांदूळ त्यातून वगळलेला आहे. आणि स्वतः पिकवलेला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला जीएसटीची नोंदणी लागत नाही. (२५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पिशव्या केल्यात तर २०२२ पासून ५ टक्के कर आहे. पोती आहेत ती पोतीच ठेवा.)

भिंत पुन्हा उभी राहू शकते हे मात्र विसरू नका. सप्टेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी झाला, ऊस कमी पडणार दिसलं, तर राज्य सरकारने परराज्यात ऊस न्यायला बंदी घालणारी अधिसूचना काढली. कोल्हापूर-सांगलीकडचा ऊस कर्नाटकातल्या कारखान्यांना जातो, तो अडवायला. शेतकरी संघटनांनी आवाज उठवला आणि काही दिवसांत ती मागे घ्यावी लागली. पन्नास वर्षांपूर्वीचं हत्यार अजून कपाटात आहे, धार लावून.

आता गाडी.

१९१४ चा मोटार कायदा साधा होता. नोंदणी आणि ड्रायव्हरचं लायसन, एवढंच बघायचा. मग तीसच्या दशकात मंदी आली आणि मोटारी रेल्वेचं उत्पन्न खायला लागल्या. रेल्वेत सरकारचा आणि विलायती भांडवलाचा पैसा अडकलेला. १९३३ मध्ये मिचेल आणि कर्कनेस या दोघांनी रेल्वे-रस्ता स्पर्धेवर अहवाल दिला आणि त्या विचारातून १९३९ चा मोटार वाहन कायदा आला. परमिट हा शब्द आपल्या तोंडी बसला तो त्या कायद्यामुळे. ट्रकने कुठल्या भागात चालायचं हे सरकार ठरवणार, कारण लांब पल्ल्याचा माल रेल्वेलाच मिळाला पाहिजे. ज्या रेल्वेसाठी हे केलं ती गुंजवण्याच्या शेतकऱ्याला नसरापूर-पुणे-लोंढा अशी उलटी फिरूनच मिळणार होती, हा भाग वेगळा.

जुन्या ट्रकवर पुढे ‘पब्लिक कॅरियर’ लिहिलेलं आठवतं? ते याच कायद्याचं. दुसऱ्यांचा माल भाड्याने नेणारा पब्लिक, स्वतःच्या धंद्याचा स्वतः नेणारा प्रायव्हेट, दोघांना वेगळे परवाने. १९८८ च्या कायद्याने हा भेद मोडला आणि एकच मालवाहतूक परवाना केला. कागद सुटसुटीत झाला हे खरं. पण आपलाच माल आपल्याच गाडीत नेणारा हा निराळा माणूस आहे, ही कायद्यातली ओळख गेली. आज अनेक शेतकरी म्हणतात, माझाच तांदूळ, भाडं घेत नाही, मग परवाना कशाला? कायदा भाडं बघत नाही. मालाची गाडी, की परवाना.

सीमेपलीकडचा परवाना हा त्याहून त्रासाचा. १९३९ च्या कायद्यात एका विभागाचा परवाना दुसऱ्या विभागात चालायचा नाही, तिथल्या अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागायची. दोन राज्यांत तर करार, आणि करारात गाड्यांचा आकडा ठरलेला. १ नोव्हेंबर १९५६ ला पुणे-हुबळी हा प्रवास या खात्यात जमा झाला. वर दुसऱ्या राज्याचा वाहनकर. हा कर कलम ३०१ च्या विरोधात नाही का, असा वाद अजमेरकडच्या मोटारवाल्यांनी राजस्थान सरकारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात नेला. १९६२ मध्ये कोर्टाने सांगितलं, रस्ते वापरता त्याची भरपाई म्हणून कर घेतला तर व्यापाराचं स्वातंत्र्य मोडत नाही. २०१६ मध्ये नऊ न्यायाधीशांनी तो भरपाईचा सिद्धांतच बाजूला ठेवला. कर द्यायचा तो ट्रकवाल्याला द्यावाच लागला.

१९७५ मध्ये नॅशनल परमिट आलं. पुढे-मागे ‘एन/पी’ लिहायचं, ज्या राज्यांत जायचं त्या प्रत्येकाचा वेगळा ड्राफ्ट काढायचा. २०१० मध्ये ते एकदम सोपं झालं. वर्षाला १५ हजार, नंतर साडेसोळा हजार, अधिकारपत्राची फी वेगळी, आणि सगळा देश मोकळा. ओळखलंत का हे काय आहे? हा हुंडा आहे. ठोक रक्कम भरा, नाके विसरा. आणि पूर्वीसारखाच तो नेहमीच्याला परवडतो. महिन्यात चार फेऱ्या मारणाऱ्याला साडेसोळा हजार काहीच नाहीत. चाळीस पोत्यांच्या एका फेरीवर ते घातले, तर हुबळीचा वाढीव भाव कोगनोळीच्या आधीच संपला. शिवाय साध्या दोन आसांच्या गाडीला बारा वर्षांनंतर नॅशनल परमिट मिळत नाही. चुलतभावाची ४०७ तिथेच बाद.

२०२० मध्ये तीन कृषी कायदे आले तेव्हा देशभर एक बाजार म्हणून गाजावाजा झाला, विरोधही तितकाच झाला, २०२१ मध्ये ते मागे गेले. बाजू कुठलीही घ्या, पण दोन्हीकडच्या भाषणांत गाडीच्या परवान्याबद्दल एक शब्द ऐकलात का? त्याच वर्षी ७ ऑगस्टला देवळाली ते दानापूर पहिली किसान रेल्वे सुटली, ती चांगली गोष्ट होती. पण रेल्वेला माल स्टेशनात आणून द्यावा लागतो, आणि वेल्ह्यात स्टेशन नाही.

मग आपल्या माणसाने करायचं काय?

दोन वाटा आहेत, आणि दोन्ही कायद्यात लिहिलेल्या आहेत. पहिली, कलम ६६ मधली सूट. ज्या मालगाडीचं भरल्यासकट एकूण वजन ३,००० किलोच्या वर जात नाही, तिला परवाना लागत नाही. राज्यात नाही, राज्याबाहेरही नाही. छोटा हत्ती यात बसतो. नोंदणी व्यापारी हवी, पिवळी पाटी, फिटनेस, विमा, पीयूसी सगळं हवंच, आणि दुसऱ्या राज्याच्या कराची चौकशी आधी करायची. पण परवाना नाही. छोटा हत्ती पाऊण टन नेतो, म्हणजे पन्नास किलोची पंधरा पोती. चाळीस पोत्यांना तीन गाड्या किंवा तीन फेऱ्या. हिशोब करून बघा, कधी जमतो कधी नाही. आणि एकाच गाडीत चाळीस कोंबायची नाहीत. ओव्हरलोडचा दंड २० हजार, वर जादा टनामागे २ हजार.

दुसरी वाट कलम ८७, तात्पुरता परवाना. हे कलम १९३९ च्या कायद्यातही होतं, ६२ नंबरचं, जवळजवळ त्याच शब्दांत. जास्तीत जास्त चार महिने. कशासाठी? जत्रा आणि धार्मिक मेळ्यांना माणसं न्यायला, हंगामी धंद्याला, आणि एखाद्या विशिष्ट तात्पुरत्या गरजेसाठी. इंग्रजाने रेल्वे वाचवायला कायदा केला, पण लिहिणाऱ्याला आपल्या जत्रा आणि सुगी माहीत होती, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं. हंगाम आणि तात्पुरती गरज, दोन्हींत आपला तांदूळ बसतो. आणि कलम ८८ मध्ये पुढची सोय आहे. दुसऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची संमती असेल तर हाच तात्पुरता परवाना तिकडेही चालतो, आणि ती संमती सरसकट असू शकते किंवा त्या एका प्रसंगापुरती. म्हणजे एकदाच जाणारा माणूस कायद्यात आहे. ऐंशी वर्षांहून जास्त काळ आहे. फक्त त्याला कुणी सांगितलेलं नाही.

अर्ज गाडीमालकाने करायचा असतो, शेतकऱ्याने नाही. पुण्याच्या आरटीओचा, आता परिवहनच्या पोर्टलवरून. गाडीची कागदपत्रं चालू असली पाहिजेत, कर भरलेला पाहिजे, जायचा मार्ग आणि मुदत लिहायची. कर्नाटकचा कर निघण्याआधी भरायचा, पावती गाडीत ठेवायची. सोबत सातबाराची प्रत आणि माल स्वतःच्या शेतातला आहे अशी सही केलेली चिठ्ठी ठेवली, तर मालावरून होणारी निम्मी हुज्जत तिथेच संपते. विनापरवाना सापडलात तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी १० हजार दंड आहे, कैदेची तरतूदही आहे. ‘नाक्यावर बघून घेऊ’ म्हणणाऱ्याला हा आकडा सांगा.

कुणाच्या घरी जुन्या ट्रंकेत प्रायव्हेट कॅरियरचं परमिट, झोनच्या काळातला धान्य वाहतुकीचा पास, करोडगिरीची पावती किंवा भोर संस्थानाचा जकातीचा कागद असेल, तर फोटो काढून ठेवा आणि जमलं तर इथे टाका. विशेषतः ५६ च्या नोव्हेंबरच्या आसपासचे पुणे-बेळगाव-हुबळी मार्गावरचे परवाने मला बघायचे आहेत.